गाडी खाली येऊ दे, मंग कस

माझ्या गाडीत तीन आवाज होते, आणि ते तीन वेगळे आहेत हे नीट ऐकून घेतल्याशिवाय गॅरेजमध्ये जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पहिला बारीक, डावीकडचा. दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना लहान-लहान खाचांवरून ‘खट-खट-खट’. दुसरा मोठा, स्पीडब्रेकर उतरताना एकच ‘धप्प’. तिसरा ब्रेक दाबल्यावर, गाडी थांबता-थांबता पायाखाली ‘टक’. रिव्हर्स घेऊन पुन्हा ब्रेक मारला की पुन्हा ‘टक’. ऐकायला मी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा रस्ता निवडला. सकाळी लवकर तिथे गर्दी नसते, चढ-उतार आहेत, स्पीडब्रेकर आहेत. काचा खाली, पंखा बंद, रेडिओ बंद. कुठला आवाज कधी येतो ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. पुढे या टिपणानेच माझे पैसे वाचवले.

गाडी बाबांची. २००९ साली घेतलेली स्विफ्ट, १.३ लिटर पेट्रोल. २०२४ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत तपासणी, पाच हजारांची फी, पर्यावरण कर असं सगळं रीतसर करून तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा बरा आहे. बाबांनी ती जपून वापरली आणि आता ती माझ्याकडे आहे. एवढं करून कागद २०२९ पर्यंतचे मिळवलेत, तर गाडी तोवर नीट आणि सुरक्षित चालली पाहिजे, ही माझी साधी भूमिका. आईबाबा काटोलला असतात, मी फ्रेंड्स कॉलनीत. त्यामुळे शहरातलं रोजचं चालवणं आणि वरून काटोल रोड, दोन्ही तिच्या नशिबी.

नागपुरात सस्पेन्शन का लवकर थकतं याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे आपले सिमेंटचे रस्ते. वरून गुळगुळीत, पण ठरावीक अंतरावर जोड असतो आणि प्रत्येक जोडावर चाकाला लहानसा ठोसा बसतो. शिवाय सिमेंटचा रस्ता संपून डांबरी किंवा गट्टूचा भाग सुरू होतो तिथे बऱ्याच ठिकाणी सरळ पायरीच असते. एक मोठा खड्डा माणूस टाळतो, हे हजारो लहान ठोसे कोणी टाळत नाही. दुसरं कारण ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा गाडीखालच्या सिमेंटची धग त्याहून कितीतरी जास्त असते. सस्पेन्शनमधलं लोखंड याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रबर. उष्णतेने ते कडक होत जातं, त्याला चिरा पडतात आणि लोखंडाशी असलेली त्याची पकड सुटते. जुन्या गाडीच्या सस्पेन्शनची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा या रबराचीच दुरुस्ती असते.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्यांनी गाडी एका चक्करभर चालवली, लिफ्टवर न घेताच यादी दिली: पुढचे दोन्ही शॉकअप (झटके शोषणारी नळकांडी), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे लोखंडी हात), मागचे शॉकअप आणि स्टिअरिंगची अख्खी रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग). रॅक का, असं विचारलं तर “जुनी गाडी आहे मॅडम, सगळंच करून घ्या” असं उत्तर आलं. स्टिअरिंगमध्ये खेळ नव्हता, गाडी सरळ रस्त्यावर भटकत नव्हती, मग रॅक कशासाठी? कोणता आवाज कोणत्या भागाचा, हे जो सांगू शकत नाही त्याच्याकडे गाडी सोडायची नाही, एवढं त्या दिवशी पक्कं झालं.

शेजारच्या काकांनी मानकापूरकडचे एक मिस्त्री सुचवले. टिनाचं शेड, आत काँक्रीटचा पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा), भिंतीवर पाने ओळीने टांगलेले. मी टिपण वाचून दाखवलं. ते ऐकून घेत म्हणाले, “ब्रेकवर टक वाजून राहिलं तं बुश आहे ताई. बारीक खटखट लिंकची असंन. धप्प कायचं आहे ते खाली गेल्यावर पाहू.” बुश म्हणजे जोडात बसवलेली रबराची नळी. गाडीला हात न लावता त्यांनी अंदाज बांधला, आणि मग तो अंदाज खरा की खोटा हे मला दाखवूनच पुढे गेले. मला हेच हवं होतं.

आधी गाडी चाकांवर उभी ठेवूनच पिटमधून पाहिलं. लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारचं (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचं) टोक चाकाच्या बाजूला जोडणारी बोटभर जाडीची कांडी, तिच्या दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा. मिस्त्रींनी डावी कांडी मुठीत धरून हलवली तर हातानेच ‘खट-खट’ वाजली. उजवी वाजली नाही, पण तिचंही रबर फाटलेलं होतं. पहिल्या आवाजाचा पत्ता लागला.

मग गाडी जॅकवर उचलून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली. टॉमी, म्हणजे लांब पहार, आर्म आणि चेसिसच्या मधे घालून त्यांनी हलकासा जोर दिला आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. लोअर आर्मला दोन बुश असतात, पुढचा लहान, मागचा मोठा. मागच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलाईत सुटलेलं होतं. टॉमीचा जोर पडला की फट उघडायची, सोडला की मिटायची. ब्रेक दाबल्यावर चाक मागे ओढलं जातं, आर्म तेवढाच सरकतो आणि ‘टक’. उजवीकडच्या बुशला चिरा होत्या, पण तो अजून सुटलेला नव्हता. मग चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. डावीकडे थोडा खेळ लागला. बेअरिंग की बॉल जॉइंट? पोऱ्याला चाक हलवायला लावून मिस्त्रींनी बॉल जॉइंटवर बोट ठेवलं, मग माझं बोट ठेवायला लावलं. हालचाल तिथेच होती. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं तर काही नाही. म्हणजे टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक) ठीक, आणि रॅकचा प्रश्न तिथेच मिटला.

बॉल जॉइंटबद्दल इथेच सांगते, कारण बाकीचे आवाज त्रासाचे असतात आणि हा धोक्याचा. तो सॉकेटमधून निसटला तर चाकाला खालून धरणारं काहीच राहत नाही आणि चाक बाहेर कलंडतं. काटोल रोडवर ट्रकच्या बाजूने जाताना हे होण्याचा विचारही नको. आवाज चालवून घेता येतात, बॉल जॉइंटचा खेळ चालवून घेऊ नये.

डावा शॉकअप खालपर्यंत तेलकट होता आणि त्या तेलावर धूळ बसून काळा लेप झाला होता. नुसता ओलसरपणा असता तर मिस्त्री म्हणाले थांबता आलं असतं. हे मात्र गळणं होतं. उजवा कोरडा. तरी दोन्ही बदलायचे ठरले, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला शॉकअप असला की ब्रेकवर आणि वळणावर दोन्ही चाकं वेगळी वागतात. मागचे शॉकअप त्यांनी पाहिले, कोरडे होते, तसेच ठेवले.

टायरकडेही माझं लक्ष त्यांनीच वळवलं. डाव्या टायरच्या आतल्या कडेवर हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं लागतं. चाक सरळ दिशेने चालत नाही, ते घासत चाललंय, हे ती कड सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला टायर चांगलाच दिसतो.

सामान मी स्वतः घाट रोडवरून आणलं. मिस्त्रींची त्याला ना नव्हती, उलट त्यांनी कागदावर यादी करून दिली: पुढचे शॉकअप दोन, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर, लिंक रॉड दोन, डावा आर्म पूर्ण, उजव्या आर्मचे दोन बुश, स्टॅबिलायझरचे मधले बुश. डावीकडे बॉल जॉइंटच गेलेला असल्याने आर्मसकट नवीन. उजवीकडचा बॉल जॉइंट घट्ट, त्याचं रबरी बूट शाबूत, म्हणून तिथे फक्त बुश. शॉकअप गॅब्रिएलचे घेतले, आर्म आणि माउंटिंग मारुतीचं जेन्युइन. दुकानदाराने त्याच आर्मचा निम्म्या किमतीचा एक पर्याय काउंटरवर ठेवला. दोन्ही हातात घेऊन पाहिले. स्वस्तातल्याचा बुश नखाने दाबला जात नव्हता आणि वेल्डिंगची रेघ ओबडधोबड होती. नको म्हटलं. रबराच्या वस्तू घेताना मी डब्यावरचा पॅकिंगचा महिना आणि वर्षही पाहते. दुकानाच्या माळ्यावर उन्हाळे काढलेला बुश वापरलेला नसला तरी नवा राहत नाही.

खोलायला सर्वांत जास्त वेळ गंजाने खाल्ला. शॉकअप आणि नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) जोडणारे दोन बोल्ट आदल्या संध्याकाळीच स्प्रे मारून ठेवले होते, तरी एकाने खूप छळलं. पोऱ्या घण घ्यायला निघाला तर मिस्त्रींनी त्याला थांबवलं. आधी नट बोल्टच्या टोकापर्यंत परत फिरवला आणि मग त्या नटावरच ठोकलं, म्हणजे आटे चेपत नाहीत. ब्रेकचा पाइप शॉकअपच्या ब्रॅकेटमधून आधी सोडवला आणि नकल तारेने बांधून ठेवलं. ते लोंबकळलं तर वजन ब्रेकच्या पाइपवर आणि एक्सलवर येतं. असल्या बारीक गोष्टींवरून माणसाचा हात कळतो.

स्प्रिंग काढायच्या वेळी त्यांनी मला मागे उभं राहायला सांगितलं. शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला धरून ठेवणारा वरचा मधला नट एकच. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती आधी दोन्ही बाजूंनी सारखी दाबून, वरची बशी सैल झाल्याची खात्री करून मगच तो नट काढायचा. घरी यूट्यूब बघून हे काम करायचा कोणाचा विचार असेल तर एवढा भाग तरी करू नका. ती स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते.

नट निघाला, माउंटिंग बाहेर आलं, आणि धप्पचं कारण हातात आलं. बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमचा ठोकळा. दांडा पूर्ण आत गेला की लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तो असतो. मी तो बोटांत धरला तर पिवळट भुसा होऊन तळहातावर पडला. जागेवर दिसत होतं ते नुसतं कवच. उजवीकडे तर तेवढंही नव्हतं, कव्हरच्या तळाशी पूडच साचली होती. हा भाग सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त, आणि बरेच ठिकाणी शॉकअप नवा टाकून हाच जुना परत चढवतात. मग नवा शॉकअप लवकर का गेला म्हणून आपण कंपनीला बोल लावतो.

जुन्या शॉकअपचा दांडा मी हाताने दाबून पाहिला. थोडं अंतर जड, मग एकदम मोकळा, मग पुन्हा जड. नव्याचा दांडा सबंध अंतरभर एकसारखा जड. नवा शॉकअप बसवण्याआधी मिस्त्रींनी तो उभा धरून दांडा काही वेळा पूर्ण वर-खाली केला. आडवा पडून राहिल्याने तेलात शिरलेली हवा अशाने वर निघून जाते.

उजवा आर्म घेऊन आम्ही लेथवाल्याकडे गेलो, कारण बुश प्रेसवरच निघतात. निघण्याआधी मिस्त्रींनी छिन्नीने आर्मवर एक बारीक रेघ मारली. का, तर मागच्या मोठ्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ फटी असतात. एका दिशेने तो मऊ आणि दुसऱ्या दिशेने ताठ वागावा म्हणून त्या असतात. नवीन बुश फिरलेल्या कोनात बसला तर ही सगळी योजना वाया जाते. जुन्या बुशची फट जिथे होती तिथे रेघ, नव्याची फट त्या रेघेसमोर. लेथवाल्याने बुश दाबताना जोर बाहेरच्या लोखंडी कड्यावर दिला, रबरावर नाही. आणि सरकायला साबणाचं पाणी लावलं. ग्रीसचा डबा बाजूलाच होता, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, हे त्याला माहीत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. दोन्ही आर्म जागेवर लागले, बोल्ट आत गेले, गाडी अजून घोडीवर, चाकं लटकलेली. पोऱ्याने गोटी पाना बुशच्या बोल्टला लावला आणि जोर द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात मिस्त्री ओरडले, “अबे, हवेत नको कसू! गाडी खाली येऊ दे, मंग कस.”

यामागचं कारण समजून घेतलं तर कोणीही आपल्या मेकॅनिकला ते सांगू शकेल. बुश म्हणजे दोन नळ्या, एकात एक, आणि मधे दोघींना चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसते. आतली नळी बोल्ट कसला की चेसिसला जखडली जाते. मग आर्म वर-खाली होतो तेव्हा काही घसरत नाही, फिरत नाही, रबरच पीळ खातं आणि परत येतं. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत कसाल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. चाक हवेत लटकलेलं असताना कसला, तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबराला पीळ बसला. गाडी दारात उभी असतानाही तो पीळ चालूच. वरून प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळणं. चांगला जेन्युइन बुशही मग फार टिकत नाही आणि आवाज परत आला की लोक म्हणतात, आजकालचे पार्टच असे.

म्हणून चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली, दोनचार वेळा बॉनेटवर जोर देऊन हलवली म्हणजे ती आपल्या उंचीवर बसेल, थोडी पुढे-मागे ढकलली, आणि मग पिटमध्ये उतरून मिस्त्रींनी आर्मचे बोल्ट शेवटचे कसले. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुशही तेव्हाच. ज्यांच्याकडे पिट नाही त्यांना आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर घेता येतं, म्हणजे आर्म चालत्या गाडीतल्या उंचीला येतो. काम तेच, वेळ थोडा जास्त. पिटच्या काठाशी बसून मी हे पाहत होते आणि मिस्त्री खालून सांगत होते, “हे कोणी विचारत नाई ताई. आवाज बंद झाला का, एवढंच विचारतात.”

त्यानंतर लगेच अलाइनमेंट. शॉकअपचे बोल्ट सोडले आणि आर्म बदलला की चाकांचे कोन जागेवर राहतच नाहीत, त्यामुळे हे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. कामठी रोडवरच्या एका दुकानात मशीनने दाखवलं की पुढची चाकं बाहेरच्या बाजूला उघडलेली होती. टाय रॉड फिरवून त्यांनी टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, जागेवर आणला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मर्यादेत होता. स्टिअरिंग सरळ धरून लॉक केलं आहे का ते मी काम सुरू व्हायच्या आधी पाहिलं. नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. करवतीसारखा झालेला टायर मागे टाकला. मागे तो थोडा गुणगुणतो, पण घासणं थांबलं आहे.

खर्च: सामान, मजुरी, लेथ आणि अलाइनमेंट सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास गेलं. मोठ्या वर्कशॉपच्या यादीचा आकडा याच्या अडीचपटीहून जास्त होता आणि त्यात बंप स्टॉपचा उल्लेखच नव्हता. मी जुने सगळे भाग परत मागून घेतले आणि बाबांना दाखवायला काटोलला नेले. ते अंगणात खुर्ची टाकून बराच वेळ तो फाटलेला बुश फिरवून-फिरवून बघत होते.

काटोलला जाताना फरक कळला तो आवाजापेक्षा ब्रेकमध्ये. पूर्वी जोरात ब्रेक लावला की नाक खाली जायचं आणि स्टिअरिंग डावीकडे किंचित ओढायचं. ते मी इतकी वर्षं हातानेच सावरत होते, कारण हा बिघाड इतका हळूहळू येतो की हात आपोआप शिकून घेतात. आता स्टिअरिंग सोडून ब्रेक लावला तरी गाडी सरळ थांबते. पहिल्या प्रवासात खांदे मोकळे होते. सिमेंटच्या जोडांवरचा ठोसा अजूनही जाणवतो, तो जाणवणारच, पण आता तो एकदा बसतो आणि तिथेच संपतो. आधी गाडी त्यानंतर आणखी दोनदा डोलायची.

नवीन काम झाल्यावर काही दिवस चालवून बोल्ट एकदा तपासून घ्यावे लागतात. मी घेतले. लिंकचा एक नट थोडा ढिला सापडला, बाकी सगळे जागेवर. त्याच वेळी मिस्त्रींनी मागच्या एक्सलच्या बुशवर टॉर्च मारली. चिरा आहेत, सुटलेले नाहीत. उन्हाळा जाऊ दे, पावसाळ्याआधी एकदा दाखवून जा, म्हणाले.